घोंगडीच्या दुकानाची भवानी

अक्का, तू गेल्यापासून मला दुपारची झोप यायला लागली आहे. तू असताना सुट्टीच्या दिवशी जरा डोळा लागला की खिडकीच्या गजांवर तुझी काठी वाजायची. "झोपायलीस का गं मास्तरीण? दुपारचं झोपल्यानं अक्कल जाड होती." आता काठी वाजत नाही. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनची घरघर मात्र चालूच असते आणि त्या आवाजात मी जागी आहे की नाही हेच मला कळेनासं होतं. अंगणात कापसाचे तंतू उडत असतात. उन्हाच्या तिरिपीत ते खालीही येत नाहीत आणि वरही जात नाहीत. त्यांच्या पलीकडे फिकट लुगड्यातली तू उभी असतेस, कमरेवर हात ठेवून, गाड्यांची रांग बघत. मी हाक मारते आणि माझ्याच हाकेनं जागी होते. काल शेजारणीनं विचारलं, बाई, कुणाला हाक मारली? मी म्हणाले, मांजराला. रागावू नकोस.

तुझ्या आवारातल्या दोन खोल्यांत मी भाडेकरू म्हणून आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन वर्ष होत आलं होतं. माझे यजमान पूर्णेला रेल्वेत, शनिवारी येणारे आणि सोमवारी जाणारे. मी इथल्या मुलींच्या शाळेत नवी मास्तरीण. शिकले उर्दूतून, शिकवायचं मराठीतून. पाढे मनात उर्दूत म्हणायचे आणि फळ्यावर मराठीत लिहायचे. हे कळल्यावर तू एवढी हसलीस की तुला ठसका लागला. पहिल्या दिवशी मी तुला अहो-जाहो केलं, तर म्हणालीस, "तुमी-आमी लावू नको गं. मला परक्याच्या घरात बसल्यावानी वाटतंय." तेव्हापासून तू माझी 'तू' झालीस. नवऱ्यामागं जिन चालवणारी, मोंढ्याच्या बाजारातल्या आडत्यांच्या बैठकीत बसणारी एकटी बाई, आणि तिला मी अगं-तुगं करायची. लोक माझ्याकडे बघत राहायचे.

मोंढ्यात कापसाची गाडी आली की वजनाच्या आधी धर्मादायाची एक मूठ बाजूला काढायची, हा रिवाज तुझ्या सासऱ्यांच्याही आधीचा. वर्षभराच्या मुठी साठून त्यातून देवळाचा उत्सव व्हायचा, जेवणावळी उठायच्या, आणि उरल्यासुरल्याचं काय झालं हे कुणी विचारायचं नाही. राज्य बदललं, तशी एकदा तू बैठकीत उभी राहिलीस. मी तिथे नव्हते. पण तुझ्या दिरांनी, भाऊसाहेबांनी, तो प्रसंग इतक्यांदा चिडून सांगितला आहे की मला तो पाहिल्यासारखाच वाटतो. तू म्हणालीस, "मूठ कुनब्याच्या गाडीतली हाय. देवाला कापूस लागतो तो वातीपुरता. बाकीची मूठ कुनब्याच्या लेकराला परत जाऊ द्या." कुणी हसलं, कुणी खाली बघितलं. भाऊसाहेब म्हणाले, वैनी, घरी बोलू. तू घरी बोलली नाहीस, तिथेच बोललीस.

अशी आपली संस्था उभी राहिली. पाटीवर तिचं लांबलचक नाव होतं, शिक्षण काय, उद्योग काय, मंडळ काय. त्या नावानं तिला कुणीच ओळखलं नाही. गावानं तिला 'मूठ' म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. मुठीतून खेड्यातल्या मुलींचं बोर्डिंग चाललं, फिया भरल्या गेल्या. मुठीतूनच गल्लीतल्या कुणाला शिलाईचं मशीन, कुणाला लोहाराचा भाता, कुणाला उसाचा चरक मिळाला. मी तुझ्या हाताखाली संस्थेचा पत्रव्यवहार बघायची, म्हणजे तू बोलायचीस आणि मी तुझं बोलणं सरकारला सोसेल अशा भाषेत लिहायची.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणायची, सगळी मूठ शाळेला दे. दुकानं आज आहेत, उद्या नाहीत. विद्या कुणी चोरत नाही. तू सुपारी कातरत ऐकायचीस. "विद्या कुनी चोरीत न्हाई, बराबर. पर विद्या घेनारी पोरगी घरचीच मानसं उचलून नेत्यात, त्याचं काय? मायचं पोट गावात भरंल तर लेक शाळेत टिकंल." मी म्हणायची, हा दुकानदारी विचार झाला. तू म्हणायचीस, दुकानदाराचीच सून हाय मी. मग मी उठून जायची, आणि संध्याकाळी तुझ्याकडून वाटीभर आमटी यायची. वाटी परत करताना मी भांडण पुढे चालू करायची. इतकी वर्षं आपण ते एकच भांडण जपून वापरलं, अक्का.

तुझे दोन नियम होते. दोन्हींवरून मी तुला खूप छळलं.

एक, मुठीची मदत घेतलेल्या माणसाकडून फुकट काही घ्यायचं नाही. रसवंतीवाल्यानं पहिल्या उन्हाळ्यात केवढ्या प्रेमानं तुला पेला आणून दिला होता. तू रस प्यालीस, तोंड पुसलंस आणि पैसे त्याच्या हातावर ठेवलेस. तो बिचारा रडकुंडीला आला. "अक्का, लेकाकडून बी न्हाई का?" तू म्हणालीस, "लेक हायेस म्हनून तर धंदा शिकवायले." गावात मग म्हण पडली की अक्काला काही द्यायचं तर आधी भाव सांगावा.

दुसरा नियम भवानीचा. मुठीतून उभं राहिलेलं प्रत्येक नवं दुकान ज्या दिवशी उघडायचं, त्या दिवशीची पहिली खरेदी आपल्या संस्थेनं करायची. ती पद्धत तूच पाडलीस. भवानी चांगल्या हातानं झाली की दुकान चालतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. पण भवानीला तू कधी गेली नाहीस. पैसे माझ्या हातात द्यायचीस आणि म्हणायचीस, "तू जा. तू सवाष्ण हायेस. माझं तोंड नको पहिल्या दिवशी कुनाच्या दारात." मग मी कुंकू नीट करून जायची आणि पहिला खण, पहिला विळा, पहिला पेला विकत घ्यायची. माझ्या घरात अजून सात विळे आहेत. ज्या दुकानांसाठी तू अर्ध्या मोंढ्याशी वैर घेतलंस, त्यातल्या एकाही दुकानाचा पहिला दिवस तू पाहिला नाहीस.

मी म्हणायची, अगं, तू हे मानतेस? तू? तू म्हणायचीस, "मी मानते का न्हाई, सवाल तो न्हाई. गिऱ्हाईक मानतंय. माझ्या हट्टापायी कुनाच्या पोटावर पाय कामून देऊ?" भाऊसाहेब मोठ्या सौद्याला निघताना तू समोर आलीस तर परत आत जाऊन पाणी पिऊन निघायचे. तू ते पाहायचीस आणि स्वतःच दाराआड व्हायचीस. मला त्यांचा राग यायचा, आणि त्याहून जास्त तुझा.

एका दुपारी मात्र तू खरं बोललीस. आपण दोघी सरकीच्या ढिगाला टेकून बसलो होतो. हवेत तो कोमट, तेलकट वास होता. तुझे डोळे अर्धे मिटलेले होते, आणि तू झोपेत बोलावंस तशी बोललीस. "जिन सुरू झाली ना, तवा पयला कापूस माझ्या हातानं टाकला व्हता यंत्रात. नवी नवरी म्हनून. सालभरात हे गेले." मी काही बोलणार तोवर तू डोळे उघडलेस आणि मुकादमाला हाक मारलीस. त्यानंतर हा विषय तू कधी काढला नाहीस आणि मलाही काढू दिला नाहीस. तुला विचारायचं राहून गेलं, की एवढी वर्षं तू गिऱ्हाइकाला घाबरत होतीस की स्वतःच्या हाताला?

मग यंदा गिरजाची पाळी आली. जिंतूरकडची धनगराची गिरजा. नवरा साप चावून गेलेला, एक मुलगी रुक्मी. मेंढरं दिराची. दरवर्षी सुगीनंतर मेंढरं गोदावरीकाठी, गंगथडीच्या शेतांत खतासाठी बसवायला निघायची, गिरजाही त्यांच्या मागं जायची, आणि बोर्डिंगमधून रुक्मीलाही घेऊन जायची. स्वयंपाकाला, कोकरं सांभाळायला. परत यायची तेव्हा वर्ग पुढे गेलेला असायचा. रुक्मी गणितात अशी हुशार की मी फळ्यावर चुकले तर ती खोकायची. तीन हिवाळे मी तिला जाताना पाहिलं. तुझ्याशी भांडले, म्हणाले, बोर्डिंगला कुलूप लाव, पण पोरगी सोडू नको. तू म्हणालीस, "कुलूप कशाला? तिच्या मायला हितं बसवू."

गिरजाच्या हाताची घोंगडी तालुक्यात नावाजलेली. तू बाजारगल्लीत तिला दुकान दिलंस. माग आला, लोकर आली, मागच्या खोलीत चूल मांडली गेली. मी नेहमीप्रमाणे कुंकू लावून पैसे घेऊन निघाले, तर गिरजा दाराच्या फळ्या न काढताच ओट्यावर बसलेली.

"मास्तरीणबाई, तुमी न्हाई. अक्कानं यावं."

मी तिला तुझा नियम सांगितला. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "अक्काच्या तोंडानं दुकानाचं वाटोळं व्हतंय, असं अक्काच म्हनायल्यात ना? मंग मी बी रांडावच हाय की. मी रोज ह्या गादीवर बसनार. माझ्या तोंडानं गिऱ्हाइकाचं काय व्हईल? अक्काचं तोंड चालत न्हाई तर माझं बी न्हाई. आन माझं चालत असंल, तर अक्कानं येऊन दावावं."

मी तशीच परत आले आणि तुला शब्दाला शब्द सांगितलं. खोटं कशाला सांगू, सांगताना मला मनातून आनंद होत होता. इतकी वर्षं मला जे सुचलं नाही ते तिनं ओट्यावर बसून सांगितलं होतं. सुपारी कातरत राहिलीस, आणि बोट कापून घेतलंस.

दिवस जात राहिले. दुकानाच्या फळ्या लागलेल्याच. आत घोंगड्यांची चळत वाढत होती, माग चालल्याचा आवाज येत होता, पण विक्री नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, ह्या धनगरणीला काय खूळ लागलंय. भाऊसाहेब म्हणाले, दुकान दुसऱ्याला देऊ. तू म्हणालीस, न्हाई. मी म्हणाले, मग जा ना गं एकदा. त्यावरही तू म्हणालीस, न्हाई. आणि तिकडे मेंढरं निघायचे दिवस जवळ येत होते.

त्यात तू आजारी पडलीस. यंदाची थंडी तुझ्या छातीत जाऊन बसली. डॉक्टरांनी नुसतं औषध बदललं. तू ओसरीवर खाट टाकून घेतलीस, जिनचा आवाज ऐकू यावा म्हणून. चार रजया घातल्या तरी तुझे दात वाजत होते. दिवेलागणीला गिरजा आली. तिच्या काखेत एक घोंगडी होती.

"अक्का, मेंढरं परवा निघायलीत. सांगाया आले."

तू डोळे उघडलेस. "आन रुक्मी?"

"ती बी येतीय. एकटीला कुनाच्या भरवशावर ठिवू?"

"दुकान हाय की गं तुझं."

"दुकान हाय. भवानी न्हाई."

तू तोंड भिंतीकडे फिरवलंस. गिरजा खाटेजवळ आली. मग तिनं ती घोंगडी उलगडून तुझ्या अंगावर टाकली. काळी, पांढऱ्या काठाची, नवीकोरी. तिला मेंढरांचा आणि चिंचोक्याच्या खळीचा वास येत होता. "ऊब यील," ती म्हणाली. दिव्याच्या उजेडात मी तुझा चेहरा बघत होते. हळूहळू तुझे दात वाजायचे थांबले. तुझा हात बाहेर आला आणि तो काठ चाचपत राहिला, लहान मूल पदर चाचपतं तसा.

"केवढ्याला गं?" तू विचारलंस.

"तुमाला काय भाव सांगायचा. ऱ्हाऊ द्या अशीच."

"अशीच मी कुनाचं घेत न्हाई. ठाव हाय तुला."

"मंग नेते म्हागारी." आणि तिनं खरंच टोक ओढलं.

तू सोडली नाहीस, अक्का. मी पाहिलं. दोन्ही मुठींनी धरून ठेवलीस. मग तू मला म्हणालीस, "मास्तरीण, बटवा दे." तू पैसे गिरजाच्या हातावर ठेवलेस. तिनं ते मोजले नाहीत. कपाळाला लावले आणि म्हणाली, "झाली भवानी."

तू तिच्याकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता तू काठी मागणार. पण तू हसायला लागलीस. खोकला, परत हसू, परत खोकला. "फसवलीस की गं मला."

"मी कुटं फसवलं? भाव तुमीच इचारला."

"मीच इचारला," तू पुटपुटलीस. मग तुझा चेहरा बदलला. तू तिचं मनगट धरलंस. "काई वाईट झालं तर माझ्या नावानं बोटं मोडू नको बाई."

"मोडनार न्हाई," गिरजा म्हणाली.

पहाटे तू गेलीस. त्याच घोंगडीत.

तुला ते दिसलं की नाही मला माहीत नाही, म्हणून सांगते. सबंध मोंढा बंद होता. जिनही बंद. इतकी शांतता मी त्या आवारात कधी ऐकली नव्हती. आपण पाण्याखाली आहोत असं वाटत होतं. बायका तुझ्याभोवती बसल्या होत्या आणि त्यांच्यात कुजबूज चालली होती. "रातीला हातानं भवानी केली म्हने, आन सकाळी बघा." माझ्या कानावर ते येत होतं आणि मला उठून एकेकीला घराबाहेर काढावंसं वाटत होतं. तेवढ्यात कुणीतरी येऊन सांगितलं, बाजारगल्लीत धनगरणीनं दुकान उघडलंय. आजच्या दिवशी! बाप्ये खवळले. भाऊसाहेब मला म्हणाले, "बाई, तुमी जाऊन सांगा तिला. आमी गेलो तर बरं दिसनार न्हाई."

मी गेले. मलाही राग आला होता. गल्लीत सगळ्या दुकानांना फळ्या, कुत्रंसुद्धा नाही, आणि मधोमध तेवढं एक दुकान सताड उघडं. घोंगड्या टांगलेल्या. गादीवर गिरजा, रडून डोळे सुजलेले. तिच्या मांडीला टेकून रुक्मी.

"गिरजा, अक्का अजून घरात आहे," मी म्हणाले.

"ठाव हाय. पाया पडून आले."

"मग हे काय करायलीस?" रागात मीही तुझ्यासारखी बोलले.

ती माझ्याकडे बघत राहिली, शाळेतल्या मंद पोरीकडे बघावं तशी. "बाई, भवानी झाल्यावर दुकान बंद करीत असत्यात का? आज फळ्या लावल्या तर लोक म्हनतील, अक्काची भवानी लागली न्हाई. जल्मभर म्हनतील."

मी ओट्यावर बसले. डोक्यावर पदर घेतला आणि खूप रडले, भर रस्त्यात, पोरींच्या मास्तरणीला शोभणार नाही असं. दुपारी तुला पोचवून माणसं त्याच गल्लीतून परतली. भाऊसाहेब पुढे होते, ओल्या पंच्यानं. ते दुकानापाशी थांबले, तसे सगळेच थांबले. त्यांनी घोंगड्यांकडे पाहिलं, गिरजाकडे पाहिलं.

"वैनीची भवानी?"

गिरजानं मान डोलावली.

"मंग चालू ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, आणि खाली बघत पुढे गेले. त्यांच्यामागं बाकीचेही निघाले.

अक्का, आपलं भांडण कोण जिंकलं हे मला आता सांगता येत नाही. शाळा मोठी की दुकान, हे मी पुन्हा काढलं असतं, वाटी परत करताना. तू असतीस तर मी अजूनही हरले नसते. पण तुझे उपकार मानायचे राहिले. मला सवाष्ण म्हणून पुढे करून तू मागं राहायचीस. मी भांडायची खरी, पण पुढे जायची. एकदा तरी तुझा हात धरून तुला ओढत न्यायला हवं होतं असं वाटतं, आणि लगेच हेही वाटतं की तू आली नसतीस. तुला आणायला गिरजाच लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मेंढरं निघाली. धुक्यात त्यांच्या गळ्यातल्या घंटा बराच वेळ ऐकू येत होत्या, पूर्णेच्या रस्त्याला लागून मग विरल्या. मी शाळेत गेले. खडू बाजूला ठेवून आधी हजेरी घ्यायला बसले. रुक्मीचं नाव आलं तेव्हा मी वर पाहिलं नाही. माझं धाडस झालं नाही.

"हजर," ती म्हणाली. एवढ्या मोठ्यानं की शेजारच्या वर्गातली बाई दारात येऊन बघून गेली. एरवी मी रागावले असते.